सरांपुरती स्टाइलशीट

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या ऑफिसात मोजकीच माणसं होती आणि त्यातल्या एकालाच सगळे सर म्हणायचे. सर मनमाडचे. वडील रेल्वेतून निवृत्त होऊन तिथंच घर बांधून राहिलेले, त्यामुळे सरांनीही गाव सोडलं नव्हतं. रोज सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरायचे आणि तिथून शेअर रिक्षाने मुंबई नाक्याला, आमच्या ऑफिसात. माझं घरही नाशिकरोडलाच, स्टेशनच्या पुलापलीकडे, वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. त्यामुळे संध्याकाळी परतताना मी आणि सर बहुतेक वेळा एकाच रिक्षात असायचो. पुढं जे मला कळलं ते त्या रिक्षातल्या सोबतीमुळेच आधी कळलं, नाहीतर ऑफिसातल्या इतरांसारखी मीही त्यांना आढ्यताखोर समजले असते.

आमचं काम द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर करण्याचं. कुणाचा माल आला, किती क्रेट, कोणत्या खोलीत गारठायला ठेवला, कोणत्या कंटेनरमध्ये चढला, हे सगळं त्यात नोंदवलं जायचं. सॉफ्टवेअर एकच, पण गिऱ्हाइकं पुष्कळ, त्यातली बरीचशी पिंपळगाव बसवंतची. प्रत्येकाला वाटायचं की हे आपल्या एकट्यासाठी केलेलं आहे, आणि तसं वाटावं म्हणून प्रत्येकाला आपला रंग हवा असायचा. एका मालकाने त्याच्या टेम्पोचा फोटो पाठवला होता, याच हिरव्या रंगाची पट्टी वर पाहिजे म्हणून. फोटो उन्हातला. लावलेला रंग त्याला फिका वाटला, मग त्याने सावलीतला दुसरा फोटो पाठवला.

वेब पानाचा मजकूर वेगळा असतो आणि त्याचा पेहराव वेगळा. रंग, अक्षरांचा आकार, रकान्यांची रुंदी हे सगळं स्टाइलशीट नावाच्या दुसऱ्या फाइलीत असतं. बहुतेक ठिकाणी ती एकदा लिहून ठेवतात आणि येईल त्याला तीच देतात. आमच्याकडे तशी फाइल डिस्कवर नव्हतीच. कुणी लॉगिन केलं की सर्व्हर त्या पॅकहाउसचे रंग डेटाबेसमधून उचलायचा, तिथल्या तिथं स्टाइलशीट लिहायचा आणि पाठवून द्यायचा. हे सगळं सरांनी एकट्याने बांधलं होतं. मला त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं, खुर्ची जवळ ओढायला लावून, अगदी हळू. समजावताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, स्क्रीनवर कर्सर कुठं आहे ते शोधत होते. त्यासाठी ते पूर्ण मान फिरवायचे. मला ती त्यांची लकब वाटली.

लकबी आणखीही होत्या. कुणी हात पुढं केला तर ते मिळवायचे नाहीत. चहाचा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला असेल तर हमखास सांडायचा. हिवाळ्यात दिवस लहान झाले की काम अर्धं टाकून उजेडातच निघायचे, आणि त्यावरून ऑफिसच्या मालकांची बोलणी निमूट खायचे. रिक्षातून उतरल्यावर स्टेशनच्या पायऱ्यांशी ते थांबायचे आणि मला म्हणायचे, तू हो पुढे. मी पुढं झाले की माझ्या मागोमाग, माझ्या ओढणीवर नजर ठेवून चढायचे. माझी ओढणी गडद रंगाची असली तर मात्र त्यांचा पाय चाचपडायचा.

एका मार्चमध्ये आम्ही दोघं पिंपळगावला एका पॅकहाउसवर गेलो होतो. हंगाम ऐन भरात होता आणि तिथल्या कोल्ड स्टोरेजच्या नोंदी चुकत होत्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. सुपरवायझरने आम्हाला गारठ्याच्या खोलीकडे नेलं आणि जाड दार सरकवलं. आत एक मंद दिवा होता. सर उंबऱ्यातच थबकले. मागून मजूर क्रेट घेऊन येत होते, त्यांना वाट द्यायची म्हणून त्यांनी पाऊल टाकलं आणि पॅलेट ओढायच्या हातगाडीवर ते आडवे झाले. वरचे क्रेट खाली आले. सोनेरी द्राक्षं सगळीकडे पसरली. पॅकहाउसचे मालक धावत आले, त्यांनी उठवायला हात पुढं केला. सरांनी तो हात पाहिलाच नाही, जमिनीला चाचपत आपले आपण उठले. मालकांचा चेहरा उतरलेला मला दिसला. सरांच्या नडगीतून रक्त येत होतं.

परतीच्या एसटीत सरांनी खिडकीशी जागा घेतली. मग खिडकीकडे तोंड करूनच बोलले.

"मला बाजूचं दिसत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं. तुझा चेहरा दिसतो, पण तुझे हात कुठं आहेत ते मला सांगता येणार नाही."

मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, कॉलेजात होतो तेव्हा फक्त रात्रीचं कमी दिसायचं. मग कडेकडेने जात गेलं. आता बांगडीतून बघितल्यासारखं आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार, औषध नाही, मुंबईला दाखवून झालं. आईलाही हेच होतं. दिवेलागणीनंतर तिला चुलीपुढून उठता यायचं नाही, आणि शेवटी दिवसाही दिसेनासं झालं. घरचे तिला गाजरं खायला घालायचे.

आपल्या मालकांना सांगायचं नाही, एवढंच त्यांनी मला बजावलं. काम होतंय तोवर होऊ दे, म्हणाले.

मी त्यांना काही देऊ शकत असेन तर ते त्यांच्याच कोडमधून, हे मला त्याच आठवड्यात सुचलं. स्टाइलशीट जर सर्व्हर लॉगिन पाहून लिहीत असेल, तर सरांच्या लॉगिनला वेगळी लिहील. बाकी कुणाच्या स्क्रीनवर काही बदलणार नाही. स्टाइलशीटमध्ये नंतर आलेला नियम आधीच्यावर मात करतो, म्हणून पॅकहाउसचे रंग लिहून झाले की शेवटी सरांचे नियम जोडायचे, इतकं सोपं होतं ते. मी त्यांना विचारून केलं. अधू नजरेच्या माणसाला काय लागतं याची माझी समजूत एकच होती, म्हणून अक्षरं भलीमोठी केली.

सरांनी पान उघडलं आणि हसले. म्हणाले, "एका वेळी एकच अक्षर दिसतंय. मला मोठं नको, लहान कर. जेवढं लहान करशील तेवढं माझ्या भोकात मावेल."

मग आम्ही ते नीट बसवलं. पांढरी पार्श्वभूमी त्यांना सूर्याकडे पाहिल्यासारखी टोचायची, ती काळी केली. अक्षरं बारीक, फिकट पिवळी. तीन रकान्यांचं पान एका अरुंद पट्टीत एकाखाली एक रचलं, म्हणजे मान फिरवावी लागू नये. काही चुकलं की सांगणारी सूचना वर उजव्या कोपऱ्यात यायची आणि त्यांना कधीच दिसायची नाही, ती पट्टीच्या मध्यभागी आणली. कर्सर ठळक केला. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत एवढं काम उपसलं की जेवायला उठायचं विसरले. पुढचं वर्षभर मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पण दर काही महिन्यांनी ते मला हळूच म्हणायचे, पट्टी थोडी आणखी अरुंद कर. मी डेटाबेसमधला आकडा कमी करायची, ते पान पुन्हा उघडायचे आणि मान डोलवायचे. सुरुवातीला मला त्यात फक्त समाधान वाटायचं. एकदा आकडा बदलताना लक्षात आलं की डोळ्यांच्या डॉक्टरांच्या यंत्रावर सरांच्या नजरेचा जो घेर कमी होत चालला होता तोच मी इथं माझ्या हाताने लिहीत होते. त्यानंतर ते अरुंद कर म्हणाले की मी आधीचा आकडा एकदा पाहून मगच नवा लिहायची. त्यांनाही ठाऊक होतंच.

पुढच्या हंगामात गिऱ्हाइकं वाढली आणि सॉफ्टवेअर रखडायला लागलं. प्रत्येक पानाला सर्व्हर नव्याने स्टाइलशीट लिहीत बसतो, त्यात वेळ जातो, असं निदान पुण्याहून बोलावलेल्या एका सल्लागाराने केलं. ते काही खोटं नव्हतं. त्याने सर्व्हरच्या पुढं एक कॅशे बसवला. म्हणजे असं, की एकदा मागितलेली स्टाइलशीट तो जवळ ठेवून घेणार, आणि पुन्हा कुणी त्याच पत्त्यावर मागितली की सर्व्हरला न विचारता ठेवलेलीच देणार. पत्ता पॅकहाउसनुसार होता. मागणारा माणूस कोण आहे हे त्या पत्त्यात कुठंच नव्हतं. मी तेव्हा आजारी आईला घेऊन घरी होते आणि सरांना कुणी विचारलं नाही.

आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार होती म्हणून सरांनी एके दिवशी त्यांच्या खात्यात शिरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचते तोच तिथल्या सुपरवायझरचा फोन.

"मॅडम, समदी स्क्रीन काळी पडली हो. पिवळी अक्षरं, लय बारीक, काय वाचता येत नाय. छापायचं बटणच घावंना. कंटेनर दारात उभा हाय."

मला ऐकताक्षणी कळलं. सरांची स्टाइलशीट कॅशेने ठेवून घेतली होती आणि आता तो तीच त्या पॅकहाउसच्या प्रत्येक माणसाला वाटत होता. लेबलं छापल्याशिवाय माल चढवता येत नव्हता. तिथं धडधाकट डोळ्यांची माणसं स्क्रीनला नाक लावून बसली होती. मी कॅशे रिकामा केला, सल्लागाराला फोन करून स्टाइलशीट त्यातून वगळायला लावली, आणि थोड्याच वेळात तिकडची पानं पूर्ववत झाली. तोवर पॅकहाउसच्या मालकांनी आमच्या मालकांना जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं.

मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या फोनवर तिकडून आलेला त्या काळ्या स्क्रीनचा फोटो होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि विचारलं, असलं पान आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आलं कुठून, कुणी मागितलं होतं हे. माझ्याकडे पाहून त्यांनी पुन्हा विचारलं.

"ते माझं आहे," सर म्हणाले. "मला दिसत नाही, म्हणून केलंय."

मालकांनी फोन उलटा करून ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "किती दिसतं?"

सरांनी अंगठा आणि तर्जनीचं वेटोळं करून डोळ्यापुढं धरलं. बोटं जवळजवळ मिटलेली होती. ती तेवढी मिटलेली असतील हे मलाही माहीत नव्हतं.

मालक वाईट माणूस नव्हते. त्या दिवशी त्यांनी सरांना स्वतःच्या गाडीने स्टेशनला सोडलं, चांगल्या डॉक्टरची चौकशी केली. पण पुढच्या सोमवारी चालू सर्व्हरवर हात घालण्याची सरांची परवानगी काढून घेतली होती, आणि इथून पुढं स्टाइलशीटमध्ये व्यक्तीपरत्वे काहीही चालणार नाही असं ठरलं होतं. मी मालकांना सांगून पाहिलं की पत्त्यात माणसाची ओळख घातली की असं पुन्हा घडणार नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की एका माणसासाठी मी एवढं मोठं गिऱ्हाईक पुन्हा पणाला लावू शकत नाही.

त्या ओळी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ते दोन दिवस लांबवलं. शेवटी सरच म्हणाले, "तूच काढ. दुसऱ्या कुणी काढलं तर रंगांचंही बिघडवून ठेवेल." कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत ते त्यांनी तोंडी सांगितलं. मी त्या पुसल्या. त्यांनी आपलं पान नव्याने उघडलं, पांढरा उजेड तोंडावर आला तसे डोळे मिटून घेतले.

त्यानंतर त्यांना फोनवर बसवलं. पॅकहाउसमधून अडचणीचे फोन यायचे, त्यांना उत्तरं द्यायची. पहिले काही महिने ते त्यात कुणालाही हार गेले नाहीत, कारण सगळी पानं त्यांना पाठ होती. कुठल्या बटणाच्या खाली काय आहे हे ते स्क्रीन बंद ठेवून सांगायचे. मग नवीन आवृत्ती आली. ती पुण्याच्या मंडळींनी मुळापासून केली होती. त्यात स्टाइलशीट पुन्हा एक साधी फाइल झाली, सगळ्यांना एकच, वरती फक्त बोधचिन्ह बदलायचं. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि सवय करून घेतली. जुना सर्व्हर बंद केला त्या दिवशी ऑफिसात कुणाला त्याची आठवणही नव्हती.

सरांनी नवीन पानं कधी पाहिलीच नव्हती. मी दुपारच्या सुटीत त्यांना एकेक पान वाचून दाखवायची, पण ती दर पंधरवड्याला बदलायची. एकदा फोनवर एक जण त्यांच्यावर तडकला, तुम्ही म्हणता ते बटण इथं नाहीच. सरांनी शांतपणे माफी मागितली, फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, उजवीकडे आता काय असतं. मी सांगितलं. ते मान हलवून पुढचा फोन घ्यायला लागले. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. शाल-श्रीफळ देताना मालकांनी नारळ पुढं धरला तर सरांचे हात भलतीकडेच पसरलेले. मी त्यांचं मनगट धरून नारळापाशी नेलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी मनमाडला गेले ती बऱ्याच महिन्यांनी. सरांच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं. सर आतल्या खोलीत लॅपटॉपपुढं बसले होते, स्क्रीन काळी ठेवून. मधलंही आता धुरकट झालंय, म्हणाले. पानावरचं बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर ते शिकले होते. आमच्या नव्या आवृत्तीत त्यांचं जुनं लॉगिन कुणी बंद केलं नव्हतं, ते त्यांनी मला उघडून ऐकवलं. यंत्राचा आवाज म्हणत गेला, बटण, बटण, बटण. पान तयार करणाऱ्याने एकाही बटणाला नाव दिलेलं नव्हतं, सगळी नुसती चित्रं होती.

"कोणतं ते सांगत नाही," सर म्हणाले. त्यात राग नव्हता.

मी परत येऊन काही पानांवरच्या बटणांना नावं दिली. मालकांची ना नव्हती, वेळ मिळेल तसं कर म्हणाले. मग हंगाम आला आणि ते राहिलं.

पण मनमाडला त्या दिवशी सरांना माझ्याशी बोलायचं होतं ते याबद्दल नाही. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की मुलीला तपासून आणलं. मुलगी दहावीत. तिलाही हाच आजार आहे, सुरुवात आहे. तिला डोळ्यांचा नंबर तपासायचा म्हणून नेलं होतं, खरं सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "परीक्षा होऊ दे म्हणतो मी. का आत्ताच सांगू? तू काय केलं असतंस?" मी म्हणाले, वहिनींना काय वाटतं? ते म्हणाले, ती काही बोलतच नाही.

निघताना उजेड उतरायला लागला होता. वहिनी मला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. पुलावर गर्दी होती, गर्दीतून बाहेर पडल्यावर त्या थांबल्या.

"तिला माहीत हाय, ताई," त्या म्हणाल्या. "मागच्या दिवाळीलाच म्हणाली मला. आई, मी बाबांसारखंच बघते. पण बाबांना सांगू नको म्हणते, त्यांना वाटंल त्यांच्यामुळं झालं. ते म्हणतात तिला कळू देऊ नको. मी दोघांच्या मधी."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. गाडीची घोषणा झाली. त्या म्हणाल्या, तुम्ही जा, मला अंधाराच्या आत तिला घरी न्यायला पाहिजे, तिचा क्लास सुटायची वेळ झाली, वाटेत दिवे नाहीत. मी गाडीत बसेपर्यंत त्या पुलाच्या पायऱ्या चढून गेल्याही होत्या.

परीक्षा झाल्यावर सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाले, मुलीनेच सांगितलं आम्हाला, की तिला ठाऊक आहे. जेवायला बसलो होतो तेव्हा. मी विचारलं, मग? ते म्हणाले की तिने एकच गोष्ट विचारली, हे कोणत्या क्रमाने जातं. आधी काय दिसेनासं होतं आणि नंतर काय.

"मी सगळं सांगितलं," सर म्हणाले. "रात्रीचं, मग पायाखालचं, मग कडेचं, शेवटी मधलं. काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि आईला म्हणाली, मला आणखी भात वाढ."

मग त्यांनी मला माझ्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.